चिबडाचा पंचनामा

माझ्या गावचा हिवाळा मी चाळिशी उलटेपर्यंत एकदाच पाहिला, आणि जो पाहिला तो नेमका दुष्काळाचा निघाला. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. गावात जन्मलास, गावात राहतोस, आणि गावचा हिवाळा ठाऊक नाही? आमच्या केज तालुक्यात मात्र हे ऐकून कुणी मान वर करूनही बघणार नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या लागतात. अर्धं गाव बिऱ्हाड बांधून पश्चिमेच्या कारखान्यांकडे जातं आणि परत येतं तेव्हा चैत्र संपत आलेला असतो. मी मांडीवरचा होतो तेव्हापासून हेच चाललंय. थंडी म्हटलं की मला उसाचं पाचट आणि फडावरच्या कोपीतला, म्हणजे पाचटाच्या झोपडीतला, धूर आठवतो. गाव म्हटलं की ऊनच आठवतं.

आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला पाझर तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावानंच तो बांधला. मायनं तिथं दगड वाहिले; मी तेव्हा तिच्या पोटात होतो. तलावाच्या बांधाखाली दहा-बारा एकरांचं गायरान आहे, त्याला गाव चिबड म्हणतं. चिबड म्हणजे पाणी न हलणारी जमीन. पेरलं तर कुजतं, औत घातलं तर बैल रुततो. आमच्याकडं सोयरीक जमवताना पोरीचा बाप आधी विचारतो, जमीन चिबड तर न्हाई ना? तेव्हा त्या नावातच कमीपणा होता. पण मला ठाऊक असलेलं चिबड कोरडं ठक्क होतं. पावसाळ्यात चिखल साऱ्याच रानात असायचा, त्यात हे वेगळं दिसत नव्हतं. वैशाखात तिथं पाऊल मावेल एवढ्या भेगा पडायच्या, लव्हाळं वाळून तारेसारखं व्हायचं आणि अनवाणी चाललं की टाचा सोलून निघायच्या. नांदूरघाटच्या बाजाराला जाताना आम्ही ते आडवं ओलांडायचो. त्याच्याकडं बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही.

पुढं दुष्काळ पडला तेव्हा आमच्या मजूर सहकारी संस्थेला एक काम मिळालं. संस्थेचा चेअरमन गावातल्या मोठ्या घरचा, बीडला उठबस असलेला. सेक्रेटरी मी. मी दहावी नापास, पण अक्षर मोत्यासारखं, एवढ्या भांडवलावर मला ते पद मिळालेलं. काम असं होतं: चिबडाच्या मधोमध पुरुषभर खोल चर काढायचा, तलावाचा पाझर त्यातून थेट ओढ्यात न्यायचा, आणि उरलेलं गायरान सपाट करून चाऱ्याला द्यायचं. काम सहा महिने चालणार होतं. म्हणजे एक हिवाळा कोयता खुंटीला, आणि आम्ही घरी. माझ्या बायकोनं लग्नानंतर एकदाही येळवस, म्हणजे वेळ अमावस्येची उभ्या पिकाची पूजा, आपल्या रानात केली नव्हती. काम मिळतंय हे कळल्याबरोबर तिनं आंबिलाला कुठलं मडकं घ्यायचं ते ठरवून टाकलं. मला तर ते काम हातचं जाऊ द्यायचंच नव्हतं, हे कबूल केलेलं बरं.

त्यासाठी आधी पंचनामा लागणार होता, जागा निरुपयोगी असल्याचा. मे महिन्यात तालुक्याहून एक कारकून आला. चेअरमननं पाच पंच उभे केले. पाचही आम्ही कोयतेवाले, कारण त्या दिवसांत वस्तीवर रिकामे आम्हीच होतो. भेगाळलेल्या मातीत उभं राहून मी मांडीवर वही ठेवली आणि लिहिलं: सदर जागेत पाणी साचत नाही, वनस्पती नाही, पशुपक्षी नाही, गावास कोणताही उपयोग नाही. 'पशुपक्षी' हा शब्द मला सुचला याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

कारकून जरा घुटमळला. म्हणाला, "पाणी साचत न्हाई म्हणता, मग चिबड नाव कावून पडलं?"

आम्हा पाचांतल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मग मीच म्हणालो, "पूर्वी कवातरी असंल, साहेब."

त्यानं मान हलवली. पाचही सह्या झाल्या, दोन अंगठे आणि तीन अक्षरं. चेअरमन तिथंच होता. तो बारा महिने गावात असायचा, त्याला माहीत असायला हवं होतं. तो का बोलला नाही हे मला आजही कळत नाही. कदाचित त्यानं खाली उतरून कधी पाहिलंच नसेल. मोठ्या घरची माणसं वस्तीच्या बाजूला मत मागायला येतात, हिवाळ्यात कशाला येतील?

संध्याकाळी मी मायला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. वडील गेले आणि तिचे गुडघे गेले, तेव्हापासून ती तोडीला येत नव्हती. माझा पोरगा आश्रमशाळेत, आम्ही नवरा-बायको उसात, आणि ती वस्तीवर, तिच्यासारख्या आणखी पाच-सहा म्हाताऱ्यांबरोबर. वस्तीचा आड चिबडाच्या काठाला, घरापासून हाकेवर. त्याच्या भरवशावर तिला ठेवून आम्ही निर्धास्त जायचो.

तिनं भाकरी परतली आणि म्हणाली, "तिथं पानी असतंय, लेका. दसरा झाला की शिवरातीपोतर."

"माय, म्या जनमभर बगतोय."

"तू उनाळा बगतूस."

मला राग आला. वही भरली, सह्या झाल्या, आणि आता ही माशी शिंकली. मी म्हणालो, आमाला गावात काम मिळालेलं तुला नको हाय का? त्यावर तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. म्हणजे तिनं हार मानली, असं मी धरून चाललो.

तो हिवाळा आम्ही घरी काढला. पाऊस नव्हताच. टँकर यायचा, आडात चिखलसुद्धा नव्हता, पण आम्ही घरी होतो. बायकोनं येळवस केली. ज्वारीच उभी नव्हती, तर कडबा मागून आणून पूजेची कोप केली, पाच दगडांचे पांडव मांडले, आणि कोरड्या ढेकळांवर आंबिल शिंपत मी ओरडत रानाभोवती फिरलो. बायको पोट धरून हसली. इतकं सुख मला नंतर क्वचित मिळालं. रोज सकाळी चरावर जाताना मी चिबडाकडं बघायचो. ठणठणीत कोरडं. पौषात एकदा मायला हाताला धरून बांधापर्यंत नेलं आणि म्हणालो, बग, हाय का पानी?

"औंदा पाऊसच न्हाई," ती म्हणाली.

मी जिंकल्यासारखा हसलो. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. चाळीस वर्षांत एक हिवाळा पाहिला आणि त्या एका हिवाळ्यानं मला आणखीच शहाणं करून सोडलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. काम संपलं होतं, म्हणून दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा उसात गेलो. तलाव भरून सांडला असं गावाकडून कळत होतं. संक्रांतीच्या आगेमागे शेजारच्या म्हाताऱ्याचा फोन आला. आड आटला. मी त्याला वेड्यात काढलं. म्हटलं, तलाव भरलेला असताना आड कसा आटंल? तो म्हणाला, "ते मला न्हाई ठावं. तुजी माय ओढ्यापोतर घागर घेऊन गेलती, पडली. ये बाबा."

आम्ही सगळे कोपीत बसून डोकं चालवत होतो. पाणी आहे आणि पाणी नाही, दोन्ही एकदम कसं खरं असेल? मग हळूहळू उमजलं. तलावाचा पाझर पूर्वी चिबडात मुरत, रेंगाळत बसायचा आणि आडाला मिळायचा. आता आम्ही त्याला पुरुषभर खोल वाट करून दिली होती. तो दोन महिन्यांत चरातून ओढ्याला आणि ओढ्यातून कुठल्या कुठं गेला. माझ्याच फावड्यानं.

मायला हाडाबिडाचं काही झालं नव्हतं, पण तिला तिथं ठेवणं शक्य नव्हतं. शेजाऱ्याच्या पोरीनं तिला एसटीत बसवून दिलं आणि सत्तरीला टेकलेली माझी माय परत उसाच्या फडावर आली. तेव्हापासून दर दसऱ्याला ती गाडीत चढू लागली. आम्ही दोघं खालून तिला उचलायचो आणि वरून कुणीतरी हात द्यायचं. कोपीत थंडीनं तिचे गुडघे धरायचे, रात्रभर कण्हायची. मला दर वर्षी वाटायचं, हे मी केलं. तिला तिचं घर, तिचा आड, तिची हक्काची जागा होती, ती मी वहीत चार ओळी लिहून काढून घेतली. तिनं मात्र एकदाही बोलून दाखवलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काही वर्षांनी, उन्हाळ्यातच, बीडहून एक मॅडम आल्या. पाणथळ जागांची नोंद करत गावोगाव फिरत होत्या. सेक्रेटरी म्हणून लोकांनी त्यांना माझ्याकडं धाडलं. बाजेवर बसून त्यांनी फॉर्म उघडला आणि विचारलं, "हिवाळ्यात इथे किती महिने पाणी असायचं? कुठले पक्षी यायचे?"

मी म्हणालो, इथं पाणथळ जागा नाही. चिबड होतं, ते आम्ही सुधारलं.

त्या चिडल्या नाहीत. मोबाइलवर त्यांनी मला कुठल्या कुठल्या देशांतले फोटो दाखवले. गुडघ्याएवढे रबरी बूट घातलेली माणसं दलदलीत उभी होती आणि चर बुजवत होती. हो, बुजवत होती. त्यांच्या आजोबांनी जमीन सुधारायला ते चर खणले होते म्हणे, आणि आता नातवांनी ते बंद करायला घेतले होते. जगभर अशा जागा निरुपयोगी म्हणून कोरड्या केल्या गेल्या आणि आता जगभर लोक त्या परत ओल्या करायला धडपडताहेत, असं त्या सांगत होत्या. त्या जागा पाणी धरून ठेवतात, पूर अडवतात, विहिरींना पाझर देतात, दूरच्या पाखरांना थारा देतात. ज्या जमिनीमुळं पोरींची लग्नं मोडायची, ती जगात एवढी मोलाची? मग आमच्या बापजाद्यांना खोटं ठरवायचं की या बाईंना? आणि गोऱ्या माणसांनीसुद्धा आमच्यासारखाच गाढवपणा केला होता, याचा आनंद मानायचा की दुःख, तेही कळेना.

तेवढ्यात आतून माय आली. "मला इचारा," म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

तासभर ती बोलत होती. दसरा झाला की पाणी घोट्याएवढं, दिवाळीला पोटरीएवढं. मग पानकणीस डोकं काढतं. आधी बगळे येतात, मग तपकिरी बदकं, जोडीनं राहणारी, एक उडालं की दुसरं ओरडतं. थंडी वाढली की राखी रंगाची, उंच पायांची मोठी पाखरं येतात, आभाळातून खाली यायच्या आधी कितीतरी वेळ नुसता आवाज येतो. बेचाळीस असायची. एका वर्षी एकेचाळीस आली. एक लंगडं होतं, ते नेहमी कडेला. कुठलं पाखरू सकाळी कुठं बसतं, ऊन कलल्यावर कुठं सरकतं, सगळं तिला पाठ होतं. मॅडमचा पेन थांबत नव्हता. मी माझ्याच अंगणात पाहुण्यासारखा अंग चोरून बसलो होतो. हे सगळं माझ्या घरापासून हाकेवर होत होतं, आणि मी 'पशुपक्षी नाही' असं मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं होतं.

जाताना मॅडम म्हणाल्या, फार काही करायचं नाही. चर तीन-चार ठिकाणी माती-दगडानं बुजवा, बाकी जागा आपली आपण सावरते.

सांगायला सोपं. संस्थेची बैठक घेतली. उन्हाळा होता, म्हणून सगळे हजर होते. चराकाठच्या एका शेतकऱ्याचा हरभरा चर झाल्यापासून झकास यायला लागला होता. तो उठून म्हणाला, "आज खना म्हनता, उद्या बुजवा म्हनता. तुमचं नक्की काय हाय?" मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, "मला बी कळंना झालंय. पर माझी माय सत्तरी उलटून उसात जातीय. तिला हितं ऱ्हाता आलं पायजे. आडाला पानी पायजे." मग वस्तीवरच्या इतरांनीही आपापल्या म्हाताऱ्यांचं काढलं. त्या शेतकऱ्याच्या बाजूचा तुकडा तसाच सोडायचा आणि वरच्या अंगाला तीन ठिकाणी चर बुजवायचा, असं ठरलं. ठराव मीच लिहिला.

मृगाच्या आधी आम्ही चर बुजवला. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा, आड जेमतेम ओला झाला, आणि मायला पुन्हा गाडीत चढवावं लागलं. दुसऱ्या वर्षी पाऊस झाला. दसरा जवळ आला तेव्हा लव्हाळ्याच्या बुडाशी पाणी चमकत होतं. नवरात्रात मी रोज आडात दोर सोडून बघत होतो. सहा हात पाणी. घटस्थापनेलाही सहा हात, अष्टमीलाही सहा हात. मला इतका आनंद झाला होता की मी तो कुणाला सांगत नव्हतो. मायला ऐनवेळी सांगायचं, असं मनात होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी लागली. माय आपलं गाठोडं बांधत होती. मी तिच्यापुढं बसलो आणि म्हणालो, "माय, औंदा तुला यायची गरज न्हाई. आड भरलाय. तू खुशाल घरी ऱ्हा."

तिचा हात गाठीवरच थांबला. वर बघून ती म्हणाली, "म्या म्हनलं हुतं का, मला ऱ्हायचंय म्हून?"

म्हटलं, तुजे गुडघे, ती थंडी, ते गाडीत चढणं...

"गुडघे हितं बी दुखत्यात. आडाला पानी हुतं तवा तुमी मला ठिवून जायचे. सा-सा म्हैने. बोलायला घरचं मानूस न्हाई. पाखरं मोजू न्हाई तर काय करू म्या? तुजा चर झाला अन् मला माझी मानसं भेटली. आता आड भरलाय म्हून ठिव परत."

ती रागानं बोलली नाही. भाजीत मीठ कमी झालंय, अशा आवाजात बोलली. म्हणजे मी जो गुन्हा केला म्हणून इतकी वर्षं जळत होतो, त्या गुन्ह्यानं तिला सुख दिलं होतं. आणि ज्याची भरपाई म्हणून घाम गाळला, ते तिला एकटं पाडणार होतं. चर बुजवणं चूक होतं का? नव्हतं. पाणी आलं होतं, वस्तीवरच्या इतर म्हाताऱ्या आडावर हसत-बोलत होत्या. मग बरोबर होतं का? तेही मला म्हणवत नव्हतं. त्या मॅडम असत्या तर त्यांना विचारलं असतं, पण त्यांच्या फॉर्मात याला रकाना नसणार.

बाहेर टोळीचा मुकादम हाका मारायला लागला. बायको दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. आमच्याच टोळीतल्या तिच्या भावाची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं त्याचा कोयता, म्हणजे तोडणाऱ्या दोघांची जोडी, पुरा होत नव्हता. "म्या माझ्या भावासंगं जाते," ती म्हणाली, "आमचा एक कोयता होतोय. तुमी उतरा." एवढंच. मग ती वळली आणि गाडीतून माझी वळकटी खाली फेकली.

मी वळकटी उचलून घरात आणली. मायनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तू ऱ्हातूस?"

"हो."

"हिवाळाभर?"

"हो, माय."

"शिवरातीपोतर?"

मी परत हो म्हणालो. मग तिनं विचारायचं थांबवलं. गाठोड्याची गाठ सोडली, आतली दोन ताटं काढली आणि फळीवर शेजारी-शेजारी मांडून ठेवली.